जॉनी वॉकर, मेहमूद की उत्पल दत्त : सुरुवात कोणापासून करावी?

जुन्या हिंदी चित्रपटांतला विनोद पाहायचा ठरवले की नावांची कमतरता भासत नाही. अडचण येते ती निवडीची. घरात तीन पिढ्या एकत्र बसणार असतील, त्यांतल्या सर्वांत धाकट्या पिढीने कृष्णधवल चित्रपट कधी सलग पाहिलेला नसेल आणि हाताशी दोन-तीनच मोकळ्या संध्याकाळी असतील, तर पहिला चित्रपट कोणाचा लावावा, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. या तुलनेसाठी मी जॉनी वॉकर, मेहमूद आणि उत्पल दत्त अशी तीन नावे घेतली आहेत. किशोरकुमार यांना मुद्दाम वगळले आहे, कारण ‘चलती का नाम गाडी’ किंवा ‘हाफ टिकट’मध्ये ते स्वतःच नायक आहेत आणि नायकाने केलेल्या विनोदाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

कोण जास्त हसवतो, हा निकष इथे फारसा कामाचा नाही. तिघेही पोट धरून हसवतात. खरा फरक आहे तो कथेत त्यांना मिळालेल्या, किंवा त्यांनी मिळवलेल्या, जागेचा. जॉनी वॉकर कथेच्या कडेला राहून तिला तोलून धरतात, मेहमूद कथेला आपल्याकडे ओढून घेतात आणि उत्पल दत्त यांची भूमिका काढून टाकली तर कथाच उरत नाही. कोणाचा चित्रपट पूर्ण पाहावा आणि कोणाचे निवडक प्रसंग पाहिले तरी चालतील, हे बहुतांशी या जागेवरूनच ठरते.

इंदूरमध्ये जन्मलेले बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते आणि नकला करून प्रवाशांना हसवत असत. त्या वेळी ‘बाजी’ची पटकथा लिहीत असलेल्या बलराज साहनी यांनी त्यांना हेरले आणि गुरुदत्त यांच्यापुढे उभे केले. तिथे त्यांनी दारुड्याचे सोंग इतके हुबेहूब वठवले की १९५१ सालच्या त्या चित्रपटात त्यांना काम मिळाले आणि एका व्हिस्कीवरून जॉनी वॉकर हे पडद्यावरचे नावही मिळाले. स्वतः ते दारूला शिवत नसत. ही हकिकत गंमत म्हणून सांगितली जाते, पण त्यांच्या अभिनयाचे मर्म तिच्यातच आहे. त्यांनी रंगवलेला दारुडा लोळत नाही, गटारात पडत नाही. तो आपण पूर्ण शुद्धीवर आहोत असे चारचौघांना पटवून देण्याची केविलवाणी धडपड करतो, आणि हसू येते ते त्या धडपडीचे. असे काम अनुभवातून येण्यापेक्षा बारीक निरीक्षणातून येते.

‘प्यासा’ (१९५७) मधला अब्दुल सत्तार हा तेलमालीशवाला ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध भूमिका. ‘सर जो तेरा चकराये’ हे गाणे सर्वांना ठाऊक असते, पण गाणे तेवढे पाहून थांबले तर भूमिकेचा अर्धाच भाग हाती लागतो. तो चित्रपट माणसांच्या स्वार्थीपणाविषयी इतका कडवट आहे की मधे हा मालीशवाला आला नसता तर प्रेक्षकाला श्वास घ्यायला उसंत मिळाली नसती. शिवाय नायक विजय वेड्यांच्या इस्पितळात अडकतो तेव्हा त्याला तिथून बाहेर काढायला मदत करणारा माणूसही हाच आहे. ज्याला आपण दोन घटका करमणुकीसाठी आलेला समजत होतो, तो सख्ख्या भावांपेक्षा जवळचा ठरतो. राज खोसला दिग्दर्शित ‘सीआयडी’ (१९५६) मध्ये ते खिसेकापू आहेत. खुनाचा धागा त्यांच्यापर्यंत येतो, त्यामुळे हसू आणि रहस्य एकाच प्रसंगात नांदते. मुंबईत जगणे किती मुश्कील आहे हे सांगणारे ‘ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ’ हे गाणेही याच चित्रपटातले, आणि ते या माणसाच्या तोंडी शोभते, कारण शहराच्या फुटपाथवरून चालणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांच्याकडे होता.

जॉनी वॉकर यांची निवड करताना एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते. त्यांची उत्तम कामे बहुतेक कृष्णधवल आहेत आणि ती संपूर्ण चित्रपटाच्या संदर्भातच खुलतात. ‘मधुमती’साठी (१९५८) त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, पण तो चित्रपट केवळ त्यांच्यासाठी लावणे योग्य नाही, तो मुळात पुनर्जन्माची आणि विरहाची गोष्ट आहे, आणि त्यात त्यांच्या वाट्याला आलेले प्रसंग मोजके आहेत. त्यांची ओळख झाल्यावर मात्र ‘आनंद’ (१९७१) जरूर पाहावा. त्यातले ईसाभाई सुरतवाला हे नाटक कंपनीचे मालक एका अनोळखी माणसाच्या ‘मुरारीलाल’ या हाकेला तितक्याच सहजपणे ओ देतात, आणि पुढे हाच माणूस आजारी आनंदला भेटून रडतो, तेव्हा पन्नासच्या दशकापासून ज्या चेहऱ्याने हसवले त्या चेहऱ्यावरचे अश्रू पाहून मन हलून जाते.

‘सीआयडी’ आणि ‘प्यासा’ या दोन्ही चित्रपटांत मेहमूदही आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पहिल्यात ते भाडोत्री मारेकरी आहेत आणि दुसऱ्यात विजयचा पैशासाठी ओळख नाकारणारा भाऊ. दोन्ही ठिकाणी त्यांच्याकडे विनोद औषधालाही नाही. मुंबईत १९३२ साली जन्मलेले मेहमूद हे बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांतले नर्तक-अभिनेते मुमताज अली यांचे चिरंजीव. ‘किस्मत’मध्ये (१९४३) अशोककुमार यांच्या लहानपणीची भूमिका त्यांनी केली होती. तरीही मोठेपणी त्यांना अगदी तळापासून वर यावे लागले, आणि एकदा वर आल्यावर त्यांनी विनोदी नटाचे स्थानच बदलून टाकले. साठच्या दशकात त्यांच्यासाठी स्वतंत्र उपकथानक, स्वतंत्र नायिका आणि स्वतंत्र गाणी लिहिली जाऊ लागली. यात मराठी प्रेक्षकांनी आवर्जून पाहावे असे एक त्रिकूट आहे: मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ. ‘ससुराल’पासून (१९६१) ही मंडळी एकमेकांना जी साथ देत गेली, ती पाहताना शुभा खोटे यांचा चटपटीतपणा मेहमूद यांच्यापेक्षा तसूभरही कमी नाही, हे स्पष्ट दिसते, त्यांना त्याचे श्रेय पुरेसे मिळाले नाही, असे माझे ठाम मत आहे.

मेहमूद यांचा एकच प्रसंग दाखवायचा असेल तर ‘प्यार किये जा’ (१९६६) मधला भुताच्या गोष्टीचा प्रसंग दाखवावा. चित्रपट काढण्याच्या वेडाने झपाटलेला मुलगा आपल्या पैसेवाल्या बापाला, म्हणजे ओमप्रकाश यांना, आपल्या नियोजित भयपटाची कथा ऐकवतो. ना भूत दिसते, ना अंधारा वाडा. फक्त एक माणूस तोंडाने दार करकरवतो, वारा घोंघावतो, पावले वाजवतो, आणि दुसरा माणूस भीतीने आक्रसत जातो. मेहमूद यांचा आवाज आणि हातवारे जितके पाहावेत तितकेच ओमप्रकाश यांच्या चेहऱ्याकडेही पाहावे, कारण हशा पिकतो तो त्या चेहऱ्यावर. तमिळमधल्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’मध्ये हा प्रसंग नागेश आणि टी. एस. बालय्या यांनी आधी केला होता आणि दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक श्रीधरच होते. तरीही हिंदीतला प्रसंग नक्कल वाटत नाही. दहा वर्षांच्या मुलालाही तो कोणत्याही प्रस्तावनेशिवाय कळतो, आणि मेहमूद यांच्या विनोदाची मोठी सोय हीच आहे की त्याचे तुकडे सुटे काढून पाहता येतात. ‘पडोसन’ (१९६८) मधली ‘एक चतुर नार’ ही गायनाची चढाओढ अशीच स्वतंत्रपणे उभी राहते. मन्ना डे यांच्या गळ्यावर मेहमूद यांचे ओठ, मान, बोटे आणि ती चिडकी नजर इतकी बेमालूम बसली आहे की गाणारा दुसरा कोणी आहे हे विसरायला होते.

तथापि मेहमूद यांची निवड करताना एक प्रश्न टाळता येणार नाही. ‘पडोसन’मधला मास्टर पिल्लै हा दाक्षिणात्य माणसाच्या उच्चारांची, पेहरावाची आणि शेंडीची थट्टा आहे, आणि राजा नवाथे दिग्दर्शित ‘गुमनाम’ (१९६५) मधल्या बटलरचे गाजलेले गाणे काळ्या रंगावर बेतलेले आहे. त्या गाण्यातला माणूस आपल्या रंगाची लाज बाळगत नाही, दिलदारपणाचा दावा करतो, हे खरे. पण पिल्लैच्या बाबतीत असा बचावही करता येत नाही. ही कामे दाखवूच नयेत असे मी म्हणणार नाही, कारण त्यांतले कौशल्य अस्सल आहे. मात्र मुलांसोबत पाहताना, एखाद्या प्रदेशाच्या बोलण्याला हसणे आणि एखाद्या माणसाच्या स्वभावाला हसणे यांतला फरक मोठ्यांनी स्पष्टपणे बोलून दाखवावा. हे अवघड वाटत असेल तर ‘बॉम्बे टु गोवा’ (१९७२) लावावा. त्यात ते बसचे कंडक्टर आहेत आणि तऱ्हेतऱ्हेच्या प्रवाशांनी भरलेली ती बस लहान मुलांना फार आवडते, जरी चित्रपट मधेमधे रेंगाळतो. ‘कुंवारा बाप’ (१९७४) मात्र विनोदाच्या अपेक्षेने लावू नये. पोलिओ झालेल्या मुलाला वाढवणाऱ्या रिक्षावाल्याची ती गोष्ट मेहमूद यांच्या स्वतःच्या मुलाच्या आजारातून आलेली आहे आणि त्यांनी ती डोळे पुसत सांगितली आहे.

उत्पल दत्त यांचा पिंड अगदी निराळा. बंगाली रंगभूमीवरचे ते एक अग्रगण्य नाटककार, दिग्दर्शक आणि नट. राजकीय लेखनासाठी तुरुंगवास भोगलेले. ‘भुवन शोम’साठी (१९६९) राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेले. हिंदीत त्यांनी विनोद केला तो विनोदी नट म्हणून नव्हे, तर एका अत्यंत गंभीर माणसाची भूमिका अत्यंत गंभीरपणे करून. ‘गोलमाल’ (१९७९) मधल्या भवानीशंकरची ठाम श्रद्धा आहे की मिशी नसलेल्या माणसाला चारित्र्य नसते. अमोल पालेकर यांचा रामप्रसाद आईच्या आजारपणाची थाप मारून हॉकीचा सामना पाहायला जातो, तिथे साहेबांच्या नजरेस पडतो आणि मग बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला घालतो. या साऱ्या लटपटींचे मूळ भवानीशंकरच्या त्या एका समजुतीत आहे. ती नसती तर रामप्रसादला खोटे बोलावेच लागले नसते. दत्त कुठेही हसवण्यासाठी म्हणून काही करत नाहीत. संशय येतो तेव्हा त्यांचे डोळे बारीक होतात, पटते तेव्हा एक लांबलचक ‘अच्छा’ निघतो आणि संतापले की सगळा देह थरथरतो. पालेकर यांच्या संयत अभिनयाला असा खडा प्रतिस्पर्धी मिळाला म्हणूनच तो इतका उठून दिसला. त्या वर्षी या दोघांनाही फिल्मफेअर मिळाले: पालेकरांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे आणि दत्त यांना विनोदी भूमिकेचे.

‘रंगबिरंगी’ (१९८३) मध्ये ते धुरंधर भाटवडेकर या नावाचे पोलीस अधिकारी आहेत. बंगाली नटाने रंगवलेला हा मराठी अधिकारी आपल्याकडच्या प्रेक्षकांना विशेष रुचतो. ‘शौकीन’ (१९८२) चांगला आहे, पण गोव्याला जाऊन तरुणीवर भाळणाऱ्या तीन म्हाताऱ्यांची ती गोष्ट लहान मुलांसोबत पाहण्यासारखी नाही. दत्त यांची मर्यादा सांगायची तर ती एवढीच की त्यांच्या कामाचे तुकडे करता येत नाहीत. भवानीशंकर पाच मिनिटे पाहिला तर तो नुसता चिडका म्हातारा वाटेल.

‘शोले’तले असरानी यांचे जेलर आणि ‘हेरा फेरी’तले (२०००) परेश रावल यांचे बाबूराव गणपतराव आपटे यांचा मोह अनेकांना होईल. बाबूराव नव्या पिढीला पाठच असतो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करण्यात नवे काही हाती लागत नाही. उलट भवानीशंकर पाहून झाल्यावर बाबूराव पुन्हा पाहिला तर आपल्याच तोऱ्यात वावरणाऱ्या माणसाचा विनोद कुठून चालत आला आहे, ते मुलांना आपसूक दिसते.

माझी शिफारस अशी. पहिल्या संध्याकाळी ‘गोलमाल’ लावावा. तो रंगीत आहे, बांधीव आहे आणि त्याला कोणत्याही पूर्वतयारीची गरज नाही. दुसऱ्या संध्याकाळी आधी ‘प्यार किये जा’मधला भुताचा प्रसंग दाखवावा आणि तो रंगला तरच ‘पडोसन’ पूर्ण पाहावा. तोवर मुलांची नजर तयार झालेली असते, मग ‘सीआयडी’ आणि त्यानंतर ‘प्यासा’. मात्र घरात पन्नासच्या दशकातली गाणी ऐकत वाढलेले आजी-आजोबा असतील, तर हा क्रम बदलून बेधडक ‘सीआयडी’ने सुरुवात करावी, कृष्णधवल पडद्याचा मुलांना येणारा कंटाळा आजी-आजोबांच्या गुणगुणण्याने बराचसा निघून जातो, आणि तो खिसेकापू कोण, हे सांगायला त्यांच्यापेक्षा योग्य माणूस घरात दुसरा नसतो.