प्रिन्सिपल व्हायचा वीकेंड डिप्लोमा, इंदूर : माझा अनुभव, ५ पैकी ३ स्टार

आधीच सांगते, कॉलेजचं नाव लिहीत नाहीये, मार्कशीट अजून त्यांच्याच कपाटात आहे. भंवरकुआंकडे असले कोर्स चालवणारे पाच-सहा तरी आहेत, त्यातलंच एक समजा.

तर झालं असं की सोळा वर्षं फिजिक्स शिकवल्यावर आमच्या मॅनेजमेंटने विचारलं, मॅडम व्हाइस प्रिन्सिपल बघाल का, पुढे प्रिन्सिपलचंही बघू. मी हो म्हटलं आणि घरी आल्यावर धडकी भरली, कारण मला फळा सांभाळता येतो, ऑफिस कुठे येतं. तेव्हा कोणीतरी या डिप्लोमाचं सांगितलं, एक वर्ष, फक्त शनिवार-रविवार, स्कूल लीडरशिप आणि मॅनेजमेंट. फी ४२ हजार, दोन हप्त्यांत.

काउन्सेलिंगला गेले तर तिथला मुलगा म्हणतो, मॅम आता हा केल्याशिवाय प्रिन्सिपल होताच येत नाही, सरकारचा नियम आलाय. मी घाबरून तिथेच पहिला हप्ता भरला. हे साफ खोटं होतं आणि हे मला तीन महिन्यांनी कळलं, तेही अमेरिकेतल्या नणंदेशी बोलल्यावर. ती न्यू जर्सीत शिक्षिका आहे, तीपण तिकडे प्रिन्सिपलच्याच मागे लागलीये. तिकडे खरंच लायसन्स लागतं. लीडरशिपचं मास्टर्स, पाच वर्षं शिकवलेलं असणं, ३०० तासांची इंटर्नशिप, वर एसएलएलए नावाची परीक्षा, चार तासांची, १२० ऑब्जेक्टिव्ह आणि ४ लिहायचे प्रश्न. एवढं सगळं करून झालं की पहिली नोकरी लागते तीसुद्धा मेंटरच्या देखरेखीखाली. व्हिडिओ कॉलवर म्हणते, "वहिनी, तुमची परीक्षा कधी?" मी म्हटलं आमच्याकडे परीक्षा नावालाच, मुख्य म्हणजे चार असाइनमेंट आणि एक प्रोजेक्ट, त्यातला प्रोजेक्ट खालचा झेरॉक्सवाला पाचशे रुपयात तयार विकतो. ती हसायलाच लागली, मी नाही हसले, कारण मी तो स्वतः लिहिला होता, अडतीस पानं, हाताने.

मग मी जरा चौकशी केली. आपल्याकडे प्रिन्सिपलचं वेगळं लायसन्स असा प्रकारच नाही. सीबीएसईच्या शाळेत मास्टर्स, बीएड आणि शिकवण्याचा अनुभव बघतात, म्हणजे माझं एमएससी-बीएड आधीपासूनच पुरेसं होतं. एमएड हे पूर्ण वेगळं प्रकरण, त्याला एनसीटीईची, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या कोर्सना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या संस्थेची, मान्यता लागते आणि २०१५ च्या सेशनपासून ते दोन वर्षांचं केलं गेलं. डिप्लोमाला कोणी मास्टर्स म्हणून धरत नाही. म्हणजे ज्याचं फक्त बीए-बीएड आहे आणि त्याला वाटतंय की हा कोर्स केला की चाललं, त्याने प्लीज पैसे घालू नका, आधी एमए करा. आमच्या बॅचमधे उज्जैनहून येणारी एक ताई अशीच फसली, बिचारी दर शनिवारी पहाटेची बस पकडून यायची.

आता शिकवणं. खरं सांगायचं तर अर्धे लेक्चर पीपीटी वाचून दाखवण्याचे होते. लीडरशिपचे प्रकार, थिअरी एक्स थिअरी वाय, मॅस्लोचा तो पिरॅमिड जो बीएडला पण होता आणि बहुतेक माझ्या नातवंडांच्या बीएडलाही असणार. मटेरियल हिंदीत भाषांतर केलेलं, इतकं जड की आम्ही वाचताना एकमेकांकडे बघायचो. एक मॅडम तर पूर्ण सेमिस्टर "विजन" आणि "मिशन" यातला फरक सांगत राहिल्या, मला अजून कळलेला नाही.

पण मग एक रिटायर्ड सर आले, शिक्षण विभागात आयुष्य गेलेलं, पिशवीत फायली, आणि त्यांच्या आठ लेक्चरमधे माझे निम्मे पैसे वसूल झाले. आम्हाला वाटायचं फी वाढवणं म्हणजे मॅनेजमेंटची मर्जी. त्यांनी मध्यप्रदेशचा २०१७ चा फी कायदा समोर ठेवला, १० टक्क्यांच्या वर वाढवायची असेल तर जिल्हा समितीची परवानगी लागते. मग आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, गरीब घरच्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा, ऑनलाइन लॉटरी, आणि त्या मुलांना वेगळं बसवलं तर काय होतं ते. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या दिवशी वर्गात पंखा तेवढा ऐकू येत होता. आपल्या हाताखालच्या माणसाने काही केलं आणि संस्थेच्या प्रमुखाने ते कळवलं नाही तर त्या प्रमुखालाच एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, "शाळेचं नाव खराब होईल" हे कारण कुठेच चालत नाही. सर म्हणाले, बेटा, खुर्ची मिळाल्यावर पहिला फोन कोणाला करायचा हे खुर्ची मिळायच्या आधी ठरवून ठेवा. बसचं लेक्चरही त्यांचंच, २०१८ च्या जानेवारीत बायपासवर शाळेच्या बसचा जो अपघात झाला तो इंदूरमधे कोणी विसरलेलं नाही, त्यामुळे कोणी मोबाइल काढला नाही.

आणि कोर्समधली खरी गोष्ट म्हणजे पंधरा दिवसांचं अटॅचमेंट. कोणत्याही एका प्रिन्सिपलबरोबर सावलीसारखं फिरायचं. मला मिळाल्या रामबागेकडच्या एका जुन्या शाळेतल्या मॅडम, मराठीच निघाल्या, म्हणजे पहिल्याच दिवशी "या हो, चहा घ्या" झालं आणि मला वाटलं आता आराम. दुसऱ्या दिवशी सव्वासातला त्यांनी अरेंजमेंटचं, म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या पिरियडला दुसरं कोण जाणार त्याचं, रजिस्टर माझ्या पुढ्यात टाकलं. चार जण गैरहजर, प्रार्थना साडेसातला. मी टाइमटेबल बघून भराभर नावं लिहिली, एकदम खूश. मॅडमनी वाचलं, काही बोलल्या नाहीत, पेन्सिलने दोन गोल केले. एका गणिताच्या सरांना मी सलग सात पिरियड लावून ठेवले होते, आणि पीटीच्या सरांना एकाच वेळी ग्राउंडवर आणि सहावी ब मधे. वर ज्या बाईंना मी तिसरा पिरियड दिला होता त्यांचं बाळ लहान, त्या वेळेत त्या घरी फोन करतात, हे कुठल्या रजिस्टरमधे लिहिलेलं नसतं. मॅडम म्हणाल्या, "अहो, हे खोडता येतं म्हणून पेन्सिल. पेनने लिहिलंत की स्टाफरूममधे भांडण." त्या दिवसापासून माझ्या पर्समधे नटराजची पेन्सिल असते.

दहा वाजता एक पालक आले तावातावाने, टीसी द्या आत्ताच्या आत्ता. मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी मागवलं आणि विचारलं, मुलगा जेवून येतो का सकाळी? दहा मिनिटांत तो माणूस रडत होता, नोकरी गेली होती त्याची. टीसी-बीसी काही नाही, फीच्या हप्त्याची गोष्ट होती. हे कोणत्या पीपीटीत येतं सांगा.

वाईट गोष्टी म्हणजे कॉलेजचं ऑफिस. फी भरताना कॅश हवी, रसीद मागितली तर तोंड वाकडं. आयडी कार्डवर माझ्या नावाऐवजी वडिलांचं नाव आलं, ते बदलायला सात चकरा. परीक्षेचं सेंटर आदल्या रात्री साडेदहाला व्हॉट्सॅपवर, तेही देवासचं. निकाल लागून पाच महिने झाले, मार्कशीट "युनिव्हर्सिटीतून येतेय" म्हणतात, चालत येत असावी.

तुम्हाला नुसतं शिकायचंय, कागद नकोय, तर दिल्लीच्या नीपाचं (शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राष्ट्रीय संस्था) नॅशनल सेंटर फॉर स्कूल लीडरशिप आहे ना, त्यांचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, घरी बसून करा. मी आता तो पण करतेय आणि खरं सांगू का, वाचायला आमच्या मटेरियलपेक्षा बरा वाटतो. एनईपी २०२० म्हणजे नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणामधे शिक्षकांबरोबर प्रिन्सिपलनेही वर्षाला ५० तास ट्रेनिंग घ्यावं असं म्हटलंय, तेव्हा पुढेमागे हे करायचंच आहे. पण पेन्सिलवाल्या मॅडम ऑनलाइन मिळणार नाहीत हेही खरं, म्हणून तीन स्टार, दोन त्यांचे आणि एक रिटायर्ड सरांचा.

इंटरव्ह्यूत या डिप्लोमाबद्दल एकच प्रश्न आला, हा रेग्युलर आहे की डिस्टन्स. बाकी सगळे प्रश्न नव्या सेशनला ॲडमिशन किती आणाल यावर. पोस्ट मिळाली, जुलैपासून व्हाइस प्रिन्सिपल आहे, अरेंजमेंट मीच लावते.

ज्यांना तरीही घ्यायचाच आहे त्यांनी एक करा, ॲडमिशनच्या दिवशीच अटॅचमेंटची शाळा लेखी मागून घ्या, नाहीतर ते तुम्हाला ओळखीच्या कोचिंग क्लासमधे पाठवतात, आमच्यातल्या सहा जणांना पाठवलं. आणि ऑफिसात शनिवारी दीडनंतर जाऊ नका, बाबू पोहे-जलेबी खायला उतरतो तो परत वर येत नाही.