यूएसजीएसचा भूकंप कॅटलॉग: भ्रंशाच्या तळाशी काय चाललंय, हे त्यातून किती कळतं?

भूकंपाची बातमी येते तेव्हा त्यातला मॅग्निट्यूड आणि खोलीचा आकडा बऱ्याचदा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या, म्हणजे यूएसजीएसच्या संकेतस्थळावरून घेतलेला असतो. याच संकेतस्थळावर जुन्या-नव्या भूकंपांचा शोधता येणारा कॅटलॉग आहे. खातं उघडावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, नोंदी थेट उतरवून घेता येतात. हे परीक्षण एकाच कामापुरतं आहे: भ्रंश, म्हणजे ज्याच्या दोन बाजू एकमेकींवर सरकतात असा खडकातला तडा, किती खोलीपर्यंत तुटतो आणि त्याच्याही खाली काय होतं, हे समजून घ्यायला ही सेवा कितपत उपयोगी आहे. मत आधीच सांगायचं तर, सुरुवात करायला याहून सोयीची जागा नाही. पण खोलीचा रकाना डोळे मिटून घेतला तर चित्र चुकतं, आणि भ्रंशाचा सर्वांत खोल भाग या कॅटलॉगमध्ये जवळजवळ उमटतच नाही.

शोधाचं पान साधं आहे. मॅग्निट्यूड, तारखा आणि क्षेत्र द्यायचं. क्षेत्रासाठी नकाशावर चौकोन आखता येतो. खरी कामाची बटणं मात्र ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली दडलेली आहेत. तिथे ‘इव्हेंट टाइप’मध्ये फक्त भूकंप निवडावेत, नाहीतर खाणीतले सुरुंगही यादीत येतात आणि खोलीच्या आलेखाचा वरचा भाग खोटाच फुगतो. ‘रिव्ह्यू स्टेटस’मध्ये तपासलेल्या नोंदीच घ्याव्यात. आउटपुट सीएसव्ही ठेवलं की फाइल कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते. एका शोधाला २०,००० नोंदींची मर्यादा आहे. त्यापुढे गेलं की यादीऐवजी एरर येतो, म्हणून दाट भूकंपांच्या प्रदेशात वर्षांचे तुकडे पाडून मागवावं. फाइलमधल्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असतात.

आता खोलीच्या रकान्याकडे येऊ. कुठल्याही मोठ्या प्रदेशाची यादी उतरवून खोलीनुसार लावली, की बरोबर १० किमीवर नोंदींचा एक गठ्ठा दिसतो. जुन्या नोंदींत ३३ वर आणि अलीकडच्या नोंदींत ३५ वरही असेच गठ्ठे असतात. हे भूकंप खरोखर त्या खोलीवर झालेले नसतात. खोली काढता येत नव्हती, म्हणून विश्लेषकाने तिथे ठरलेला आकडा बसवलेला असतो. अशा नोंदीसमोर ‘डेप्थएरर’च्या रकान्यात कित्येकदा दोनेक किमीची त्रुटीही छापलेली असते, आणि तीच वाचणाऱ्याची सगळ्यात जास्त फसवणूक करते. या सेवेतली ही माझ्या मते सर्वांत मोठी उणीव आहे. खोली मोजलेली आहे की बसवलेली, हे सीएसव्हीमध्ये स्वतंत्र रकान्यात यायला हवं होतं. सध्या ती माहिती हवी असेल तर क्वेकएमएल स्वरूपातली तपशीलवार नोंद उघडावी लागते.

खोली काढणं इतकं अवघड का, हे कळलं की गाळण्या कशा लावायच्या तेही कळतं. दूरच्या भूकंपमापन केंद्रांकडे जाणारे पी-लहरींचे (सर्वांत आधी पोचणाऱ्या लहरींचे) किरण नाभीपासून, म्हणजे फूट जिथे सुरू होते त्या जागेपासून, सगळेच जवळपास खालच्या दिशेने निघतात. त्यामुळे भूकंप थोडा खोल धरला काय किंवा थोडा उशिरा झाला असं धरलं काय, गणितात दोन्ही सारखंच बसतं. कवचात पी-लहर सेकंदाला सुमारे ६ किमी जाते, म्हणजे सुरुवातीच्या वेळेत एका सेकंदाची चूक झाली तर खोलीत सहाएक किमीची चूक होऊ शकते. ही गाठ सुटते ती नाभीच्या जवळजवळ डोक्यावर असलेल्या केंद्रामुळे, कारण तिथला किरण वरच्या दिशेने येतो. म्हणून ‘डीमिन’ हा रकाना आधी पाहावा. सर्वांत जवळचं केंद्र किती दूर होतं, ते त्यात असतं. पण आकडा अंशांत असतो, त्याला १११ ने गुणलं की किमी मिळतात. हे अंतर भूकंपाच्या खोलीइतकं, फार तर दीडपट असेल, तर खोलीवर भरवसा ठेवता येतो. ‘गॅप’ म्हणजे केंद्रांच्या वर्तुळातली सर्वांत मोठी मोकळी फट. ती १८० अंशांहून जास्त असेल तर नोंद बाजूला काढावी. या दोन गाळण्या लावल्यावर यादी निम्म्याहून लहान झाली तरी चालेल. उरलेल्या नोंदी बोलतात.

आणखी एक बारीक गोष्ट. खोलीचं शून्य सगळीकडे एकच नसतं. काही नेटवर्क समुद्रसपाटीपासून मोजतात, काही आपल्या केंद्रांच्या सरासरी उंचीपासून. उंच डोंगराळ भागात यामुळे एखाद-दोन किमीचा फरक पडतो आणि कधी खोली उणे दिसते. ती टायपिंगची चूक नसते.

गाळलेल्या नोंदींचा खोलीनुसार स्तंभालेख काढावा. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियाससारख्या खंडीय भ्रंशावर त्याचा आकार बहुतेक ठिकाणी सारखा येतो: वरच्या दोन-तीन किमीत भूकंप थोडे, मग संख्या वाढत जाते आणि १२ ते १५ किमीच्या पट्ट्यात ती झपाट्याने खाली येते. त्याखाली भ्रंश संपलेला नसतो. संपतं ते त्याचं तुटणं. खडकाचं वजन दर किमीला सुमारे २७ मेगापास्कल दाब वाढवतं, त्यामुळे खोलवर भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींवर अधिकाधिक घट्ट बसतात आणि घर्षण मोडायला जास्त ताण लागतो. पण तापमानही वाढत असतं. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला क्वार्ट्झचे स्फटिक न तुटता आतल्या आत सरकून आकार बदलू लागतात. फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाला त्यासाठी सुमारे ४५० अंश लागतात. दर किमीला २५ ते ३० अंश वाढ धरली तर ३०० अंश १० ते १२ किमीवर येतात. आलेख खाली वळतो तो याच सुमारास.

यात नुसत्या ताकदीचा प्रश्न नाही, हा मुद्दा फार वेळा सुटतो. भ्रंश भूकंप देईल की शांतपणे सरकेल, हे ठरतं सरकण्याचा वेग वाढल्यावर घर्षणाचं काय होतं यावरून. वेगाबरोबर घर्षण घटलं तर सरकण्याला आणखी जोर मिळतो आणि घसरण पळत सुटते. वेगाबरोबर घर्षण वाढलं तर हालचाल आपोआप आवरली जाते. ओल्या ग्रॅनाइटच्या भुकटीवरच्या प्रयोगांत घर्षण घटण्याचा पट्टा साधारण १०० ते ३५० अंशांच्या दरम्यान सापडला; त्याहून तापलं की वर्तन उलटतं. पृष्ठभागाजवळच्या सैल, मातकट भ्रंशचूर्णातही वेगाबरोबर घर्षण वाढतं, म्हणून आलेखाचं वरचं टोकही बारीक असतं. आलेखाची दोन्ही टोकं अशी एकाच नियमातून निघतात. नकाशावर नुसते ठिपके पाहून हे कधीच लक्षात येणार नाही.

प्रदेशाप्रमाणे हा तळ वरखाली होतो आणि ते तपासायला हा कॅटलॉग छान आहे. कॅलिफोर्नियातल्या गीझर्स या भूऔष्णिक क्षेत्राभोवती चौकोन आखा, बहुतेक भूकंप ५ किमीच्या आत दिसतील, कारण तिथला खडक उथळातच तापलेला आहे. उलट २००१ च्या भूज भूकंपाचे पश्चात धक्के ३० किमीपर्यंत पोचले होते. जुनं, थंड आणि क्वार्ट्झ कमी असलेलं कवच तेवढ्या खोलीवरही ठिसूळ राहू शकतं.

तळाचा एक आकडा हवा असेल तर निदान काहीशे नोंदी घ्याव्यात, खोलीनुसार चढत्या क्रमाने लावाव्यात आणि ज्या खोलीच्या वर ९५ टक्के भूकंप येतात ती खोली घ्यावी. सर्वांत खोल नोंद तळ म्हणून कधीच घेऊ नये. ती बहुधा चुकलेली नोंद असते. हा आकडा पुढे थेट कामाला येतो. मॅग्निट्यूडचा ढोबळ अंदाज म्हणजे तुटलेल्या क्षेत्रफळाचा दहाच्या पायातला लॉगॅरिदम अधिक ४, क्षेत्रफळ चौरस किमीमध्ये. उभा भ्रंश ६० किमी लांब आणि तळ १५ किमीवर असेल तर क्षेत्रफळ ९०० चौरस किमी आणि मॅग्निट्यूड ६.९५. तळ २० किमीवर धरला तर १,२०० चौरस किमी आणि ७.०८. फरक किरकोळ वाटतो, पण भूकंपीय आघूर्ण, म्हणजे तुटलेलं क्षेत्र आणि घसरण यांवरून काढलेलं भूकंपाच्या आकाराचं माप, दीडपट होतं. बसवलेल्या १० किमीच्या नोंदी न गाळता तळ काढला तर धोक्याच्या अंदाजात किती गडबड होईल, ते यावरून कळावं.

तळाची ही रेघ पक्की नाही, हेही सांगायलाच हवं. एरवी मऊ पडून वाहणारा खडक मोठ्या भूकंपात क्षणार्धात ओढला गेला की ठिसूळ वागतो, आणि फूट नेहमीच्या तळाखाली घुसते. उघड्या पडलेल्या प्राचीन भ्रंशांत याचा पुरावा हाताला लागतो. मायलोनाइट, म्हणजे गरम अवस्थेत ताणला जाऊन बारीक कणांचा, पट्टेदार झालेला खडक; आणि त्याच्यात घुसलेल्या स्यूडोटॅकिलाइटच्या काळ्या, काचेसारख्या शिरा, ज्या भूकंपाच्या घर्षणाने वितळलेल्या दगडाच्या असतात. काही ठिकाणी या शिराही पुन्हा ताणल्या जाऊन मायलोनाइट झालेल्या दिसतात: आधी तुटणं, मग परत वाहणं. भूकंपांच्या नोंदींतही हे दिसलं आहे. १९९२ च्या लँडर्स भूकंपानंतर (मॅग्निट्यूड ७.३) पश्चात धक्क्यांचा तळ आधी खाली गेला आणि पुढच्या काही वर्षांत परत वर आला. हे स्वतः पडताळायचं असेल तर यूएसजीएसच्या मूळ खोल्या पुरेशा नेमक्या नाहीत. दुहेरी-फरक पद्धतीने, म्हणजे शेजारच्या भूकंपांच्या लहरी पोचण्याच्या वेळांतला फरक वापरून, स्थानं पुन्हा काढलेले कॅलिफोर्नियाचे प्रादेशिक कॅटलॉग वेगळे मिळतात, ते घ्यावेत.

एकेका भूकंपाच्या पानावर ‘मोमेंट टेन्सर’चा भाग असतो. त्यात भ्रंशाच्या दोन संभाव्य प्रतलांची दिशा, उतार आणि सरकण्याचा कोन मिळतो. खरं प्रतल कोणतं, हे पश्चात धक्क्यांची रांग पाहून ठरवायचं. इथली खोली वेगळी असते: नाभी म्हणजे फूट जिथे सुरू झाली ती जागा, आणि ही खोली संपूर्ण घसरणीच्या मध्याची. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर त्यात गैर काही नाही. मात्र डब्ल्यू-फेज (लांब आवर्तनाच्या लहरींवरून मोमेंट टेन्सर काढण्याच्या) पद्धतीच्या उत्तरात खोली ११.५ किमी दिसली तर थांबावं. ती त्या पद्धतीची उथळ बाजूची मर्यादा आहे आणि खरा भूकंप त्याहून वर असू शकतो. मोठ्या भूकंपांसाठी ‘फाइनाइट फॉल्ट’ हे घसरणीचं चित्रही येतं. जपानमधल्या २०११ च्या तोहोकू भूकंपात नाभी २९ किमीवर होती, पण सर्वांत जास्त घसरण वर, समुद्रातल्या खंदकाजवळ झाली. नुसत्या खोलीच्या आकड्यावरून हे कळत नाही. या चित्राच्या खालच्या कडेवर मात्र फार विसंबू नये. प्रतल किती खोल न्यायचं हे गणित सुरू होण्याआधीच ठरवलेलं असतं.

फार खोल भूकंपांबाबत सेवा उत्तम आहे. २०१३ चा ओखोत्स्क समुद्रातला ८.३ चा भूकंप सुमारे ६०० किमीवर झाला. अशा वेळी वर जाऊन पृष्ठभागावरून परतलेली pP लहर थेट पी-लहरीनंतर सुमारे दोन मिनिटांनी येते, त्यामुळे खोली नेमकी निघते. १० किमीच्या भूकंपात हेच अंतर तीनेक सेकंदांचं असतं आणि मूळ स्पंदनात बुडून जातं. ६०० किमीवरचा दाब २० गिगापास्कलच्या वर असतो, साध्या घर्षणाने काही सरकणं तिथे शक्यच नाही. ऑलिव्हिन या खनिजाची स्फटिकरचना एकाएकी बदलणं आणि कातरपट्टी, म्हणजे सरकण्याची अरुंद पट्टी, तापून मऊ पडणं ही दोन प्रमुख स्पष्टीकरणं आहेत.

पण १५ ते ४० किमीच्या दरम्यान भ्रंश जे करतो, त्यासाठी इथे शोधून उपयोग नाही. कॅटलॉगमध्ये ती जागा कोरी दिसते आणि वाचणारा ती शांत समजतो. प्रत्यक्षात तिथलं सावकाश सरकणंच वरच्या अडकलेल्या भागात ताण भरत असतं. २००२ मध्ये जपानमध्ये तळाजवळची मंद, लांबलेली थरथर प्रथम ओळखली गेली. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डजवळ सॅन अँड्रियासच्या भूकंपीय तळाखालीही ती सापडली. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅस्केडियामध्ये साधारण दर १४ महिन्यांनी काही आठवडे चालणारी मंद घसरण होते आणि तिचं आघूर्ण ६.५ च्या आसपासच्या भूकंपाइतकं भरतं, तरी कोणाला हादरा जाणवत नाही. या थरथरीसाठी पॅसिफिक नॉर्थवेस्ट सिस्मिक नेटवर्कचा नकाशा पाहावा, तोही मोफत आहे.

अमेरिकेबाहेर हा कॅटलॉग साधारण ४.५ च्या वरच भरवशाचा आहे. जगातल्या इतर प्रदेशांत खोलीचा अभ्यास करायचा तर ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल सिस्मॉलॉजिकल सेंटरचं बुलेटिन घ्यावं. ते तपासून यायला दोनेक वर्षं लागतात, पण खोल्या अधिक काळजीने काढलेल्या असतात.

आणि खालची बाजू मोजायचीच असेल तर कॅटलॉगच्या जोडीला नेवाडा जिओडेटिक लॅबोरेटरीच्या जीपीएस वेगांची फाइल ठेवावी. उभ्या, आडवं सरकणाऱ्या भ्रंशाच्या आरपार केंद्रांचे भ्रंशाला समांतर वेग मांडावेत आणि दोन्ही बाजूंच्या एकूण फरकाचा मधला अर्धा भाग किती रुंदीत पूर्ण होतो ते पाहावं. त्या रुंदीच्या निम्मी खोली म्हणजे भ्रंश जिथपर्यंत अडकलेला आहे ती खोली. ती आणि ९५ टक्क्यांचा तळ शेजारी लिहावेत. दोन्हींत पाच किमीहून जास्त तफावत आली, तर आधी कॅटलॉगमधला १० किमीचा गठ्ठा खरंच गाळला आहे का, ते परत तपासावं.