फार्महाउस स्टाइलचं घर, अकरा महिन्यांनी

मागच्या दिवाळीआधी आम्ही बैठक आणि स्वयंपाकघर 'मॉडर्न फार्महाउस' पद्धतीने करून घेतलं. हिंगणघाट तालुक्यातलं खेडं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं मातीच्या भिंतींचं घर, वर कवेलू (कौलं), मागे कोठा (गुरांचा गोठा). मिस्टर शेती पाहतात, मी शाळेत शिकवते. फोटो पाहून हौस मीच धरली होती, त्यामुळे चुकाही बहुतेक माझ्याच. खर्च 1 लाख 80 हजार. कापूस, उन्हाळा आणि पावसाळा तिन्ही पाहून झालंय, म्हणून आता लिहायला बसले.

बैठकीच्या एका भिंतीला पांढऱ्या रंगवलेल्या पाइनच्या आडव्या फळ्या, ज्याला शिपलॅप म्हणतात. स्वयंपाकघराला रुळावर सरकणारं दार. ओट्यात समोरून दिसणारं मोठं पांढरं सिंक. भांड्यांना उघड्या फळ्या, काळे मॅट नळ, वरून लोंबणारे पिवळे बल्ब.

आधी भिंत, कारण पैसा तिथेच गेला आणि मनस्तापही तिथेच झाला. डिसेंबरपर्यंत तिला दृष्ट लागेल असं रूप होतं. मग कापूस घरात आला. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 7,521 रुपये क्विंटल होता आणि गावात येणारे व्यापारी त्याच्या खालीच मागत होते. सरकारी खरेदीत नंबर लागेपर्यंत कापूस ठेवायचा कुठे? दरवर्षी ठेवतो तिथेच, बैठकीत. सोफे एकावर एक उलटे घातले आणि फळ्यांच्या भिंतीला टेकून खिडकीच्या वर जाईल एवढी गंजी लावली. इतके फोटो पाहिले होते, पण एकाही फार्महाउसात पीक ठेवलेलं दिसलं नव्हतं, हे तेव्हा डोक्यात आलं. फेब्रुवारीत कापूस हलवला तर प्रत्येक खाचेत रुईचा भुरा आणि वाळक्या पानांचा चुरा ठासून बसलेला. पांढऱ्या रंगावर लाल ढेकण्यांचे तांबूस डाग. झाडू त्या खाचेत जात नाही. दात घासायचा जुना ब्रश घेऊन दोन रविवार मी तेच काम केलं.

मे महिन्यात फळ्या वाळून आकसल्या, सांध्यांवरचा रंग तडकला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला तेव्हा दोन फळ्यांच्या मधून करंगळीचं नख जाईल एवढी फट होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चष्मा लावून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "काय वो, भिंत उकलली का?" जुलैत उलटं झालं. फळ्या फुगल्या, मधल्या दोन पोट काढून पुढे आल्या. ऑगस्टमध्ये खालच्या फळीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली. वाळवी! फळी ओढली तर रंगाचा पापुद्रा तेवढा हातात आला, आत काही उरलंच नव्हतं.

सुतार म्हणाला, पाइन घ्यायलाच नको होतं. तेही खरं, पण मला वाटतं चूक त्याच्या आधीच झाली होती. ही स्टाइल गाजली ती 2013 पासून, अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या वेको शहरातल्या चिप आणि जोआना गेन्स या जोडप्याच्या टीव्ही कार्यक्रमामुळे. तिकडच्या जुन्या घरांत भिंतीच्या कागदाखाली अशा फळ्या मुळातच ठोकलेल्या सापडतात. वरचा कागद खरवडायचा की झाली शिपलॅपची भिंत. आमच्या भिंतीत लाकूड कुठलं? दीड फूट जाडीची माती आहे. पावसाळ्यात ओल घेते, उघाड पडली की सोडते. तिच्यावर आम्ही फळ्या मारल्या, मागे ओल कोंडली आणि वाळवीची सोय झाली. त्या लोकांचंच अनुकरण करायचं होतं तर मातीच उघडी ठेवायला हवी होती. सेवाग्राम आमच्यापासून तासाभरावर आहे. शाळेची सहल नेते तेव्हा मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी उठावात काढलेली ताडाची झाडं आणि चरखा मुलांना मीच दाखवते. घर करताना मात्र ते एकदाही आठवलं नाही!

शेवटी खालच्या चार फुटांच्या फळ्या काढल्या आणि आत्याबाईंकडून गिलावा शिकले. चाळलेली माती, गव्हांडा (गव्हाचा भुसा), शेण, आणि दोन दिवस भिजत ठेवायचं. "पानी कमी घे, नाही तं वाळल्यावर फुटते." पहिल्या दिवशी मी दिलेला थर फुटलाच, त्यांचा नाही. वरून चुना, त्यात चिमूटभर नीळ. संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की त्यांच्या तळहाताच्या लाटा भिंतीवर दिसतात. वरच्या फळ्या अजून आहेत, कारण त्या काढायला पैसे पुन्हा लागतील.

सरकतं दार चांगलं आहे, पण दार म्हणून नाही. लाकूड आमचंच, जुना कोठा पाडला तेव्हा निघालेला साग. ना वाकलं, ना वाळवी लागली. पण मातीच्या भिंतीत रुळाचे बोल्ट पंधरा दिवसांत ढिले झाले. मग चौकटीच्या वर सागाची आडवी पाटी टाकून, बोल्ट भिंतीतून आरपार नेऊन मागे लोखंडी पट्टी दिली, तेव्हा कुठे ते टिकलं. मातीचं घर असेल तर हे आधीच करून घ्या. शिवाय असं दार भिंतीला चिकटत नाही, दीड-दोन सेंटीमीटरची फट राहतेच. ठेच्याच्या मिरच्या भाजल्या की बैठकीतले पाहुणे शिंकतात. कूलरची हवा त्या फटीतून निघून जाते. मांजर तर पंजा घालून दार सरकवायला शिकली आहे.

सिंकबद्दल मात्र एक अक्षर वाईट बोलणार नाही. जड इतकं की ओट्याखाली विटांचा आधार बांधावा लागला, आणि कडप्पा कापणाऱ्याने मापात चूक केली ती वेगळीच. पण मोठा गंज (पातेलं) त्यात आडवा झोपतो, परात पूर्ण बुडते, बाजारातून आणलेला सांबार (कोथिंबीर) मातीसकट धुता येतो आणि पोटावरचं लुगडं भिजत नाही, हे आत्याबाईंचं प्रमाणपत्र. स्टीलच्या भांड्यांचे करडे ओरखडे उठतात, खायच्या सोड्याने घासले की जातात. पितळी गुंड (घागर) निसटून काठाचा एक टवका उडाला आहे, तो काही जायचा नाही.

उघड्या फळ्यांना मी हात जोडले. सोयाबीन मळणीचे आठ दिवस रोज सगळी भांडी दोनदा धुतली, मग जाळीचे पल्ले लावून घेतले. काळ्या नळांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे थर चढतात आणि घासले तर काळा रंग निघतो. पिवळे बल्ब ठेवा. पांढऱ्या उजेडापेक्षा त्यांच्यावर किडे कमी येतात, हे भादव्यात सपरीतल्या (ओसरीतल्या) ट्यूबलाइटशी ताडून पाहिलं.

परवा शेतात सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झालं, पहिला वेचा घरी येतोय. 2025-26 चा हमीभाव 8,110 ठरला, तरी कापूस महिना-दोन महिने बैठकीतच मुक्काम करणार. सोफे आजच सपरीत काढले. वरच्या फळ्यांवर ताडपत्री ठोकायची आहे. खालच्या मातीला गंजी टेकली तरी चालते, डाग पडला तर आत्याबाई पुन्हा हात फिरवतील.