मायलोमा, मेल्फालान आणि दीड तास बर्फ : बाबांच्या ट्रान्सप्लांट युनिटचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

बाबांना मायलोमा (बोनमॅरोमधल्या पेशींचा कॅन्सर) आहे, वय ६४, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर. चार महिने इंजेक्शनं-गोळ्या झाल्या, आजार आटोक्यात आला आणि मग डॉक्टर म्हणाले आता ऑटोलोगस, म्हणजे स्वतःच्याच पेशींचं ट्रान्सप्लांट करून घेऊ. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या युनिटमध्ये केलं, नाव देत नाहीये कारण एक तक्रार पण आहे. हे लिहितेय ते ज्यांच्या घरी आत्ता ‘कुठे करायचं’ ही चर्चा चालू आहे त्यांच्यासाठी.

आधी एक सांगते. आम्हाला अजून फोन येतात, “ऑपरेशन कसं झालं?” अहो ऑपरेशन नसतंच. खरा उपचार आहे तो त्याआधीचा मोठ्या डोसचा केमो. मेल्फालान हे केमोचं औषध एवढं जोरात दिलं की मायलोमाच्या पेशी मरतात पण मॅरो (हाडातला मगज, जिथे रक्त बनतं) पण झोपतो, मग आधी काढून ठेवलेल्या आपल्याच मूळ पेशी (स्टेम सेल) परत सोडतात आणि त्या नव्याने रक्त तयार करायला लागतात. म्हणजे पेशी सावरायला, मारायचं काम केमोचं. हे मला कौन्सिलिंगमध्ये डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, पाऊण तास दिला, एकदाही घड्याळ बघितलं नाही. भारतात पहिलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट मुंबईत टाटा मेमोरियलला १९८३ मध्ये झालं आणि मोठ्या डोसच्या मेल्फालानचा मायलोमातला पहिला रिपोर्ट रॉयल मार्सडनच्या डॉक्टरांनी छापला तो पण १९८३ लाच, हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, “मी त्याच वर्षी ड्युटीला लागलो.” तिथून त्यांची भीती जरा कमी झाली असं मला वाटतं.

पेशी वाढायची इंजेक्शनं पोटात घेतली, त्यात कंबर खूप दुखली. रविवारी मशीनवर चार तास बसून पेशी काढल्या, एकाच दिवसात पुरेशा निघाल्या. आमच्याकडे त्या गोठवल्या नाहीत, ब्लडबँकेच्या फ्रिजमध्येच ठेवल्या, कारण मेल्फालान शरीरातून लवकर निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी पेशी परत देता येतात.

सोमवार सकाळ. डोस चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम, किडनी कमजोर असेल तर १४० देतात. बाबांचा हिशोब ३२० आला, म्हणजे ५० च्या सात बाटल्या. हे औषध कालवल्यावर फार टिकत नाही, तासाभरात शरीरात जायला हवं, म्हणून सिस्टरने आधी बाबांच्या तोंडात बर्फ दिला, मग फार्मसीला फोन केला, “आता कालवा.” बर्फाने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथपर्यंत कमी पोचतं, त्यामुळे तोंड सोलून निघत नाही. ट्रेमधले चौकोनी खडे टोकदार होते, हिरडीला लागत होते, तर सिस्टरने ते स्वच्छ फडक्यात बांधून वरवंट्यासारखं काहीतरी घेऊन ठेचले आणि चमच्याने भरवत बसल्या. “काका, अजून एक.” बाबांच्या दाढा शिवशिवायला लागल्या, ओठ निळसर पडले, डोळ्यात पाणी. ड्रिप चालू करताना बाबा तसंच तोंडात बर्फ धरून म्हणाले, “डबल बेल द्या सिस्टर.” औषध अर्ध्या तासात संपलं पण बर्फ त्यानंतरही चालू, एकूण दीड तास, आणि ती बाई जागची हलली नाही. पुढच्या पंधरा दिवसात बाबांच्या तोंडात दोन बारीक फोड आले, तेवढेच. मी बर्फाचं श्रेय जेवढं मेडिकल सायन्सला देते तेवढंच त्या दीड तासाला देते.

मंगळवारी संध्याकाळी पेशी दिल्या, रक्ताच्या बाटलीसारखंच, वीस-पंचवीस मिनिटं.

त्रास नंतर सुरू होतो हे लक्षात ठेवा. पेशी दिल्यापासून मोजलं तर पाचव्या दिवसापासून जुलाब, चव गेली, पाणी पण लोखंडासारखं लागायचं. आठव्या दिवशी पांढऱ्या पेशी १०० पर्यंत खाली आल्या आणि रात्री दोनला ताप १०१. मी बेल दाबली, सिस्टर लगेच, ब्लड कल्चर घेतलं आणि अर्ध्या तासात अँटिबायोटिक चालू, कोणी सकाळच्या राउंडची वाट बघत बसलं नाही. रात्री दोन पेशंटमागे एक सिस्टर असायची. जेवण कुकरमध्ये शिजवलेलं गरम, कच्चं काही नाही. एकदा किचनमधून वरणावर कोथिंबीर पेरून आली तर दारातूनच ताट परत पाठवलं. शेजारच्या खोलीत एक छोटा मुलगा होता, त्याला बहिणीच्या पेशी, त्याचा केमो वेगळा, बुसल्फान वगैरे आणि फिट येऊ नये म्हणून गोळ्या, त्याच्या आईला पण याच सिस्टर आधार देत होत्या.

आता तक्रार. नवव्या दिवशी प्लेटलेट ९,००० झाल्या आणि रात्री साडेनऊला काउंटरवरून निरोप, सिंगल डोनर प्लेटलेटसाठी (एकाच माणसाकडून मशीनवर काढलेल्या) डोनर आणा. रात्री साडेनऊला! माझ्या मावसभावाने ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला, दोन पोरं कोथरूडवरून बाईकने आली, टेस्ट, मग मशीनवर दीड तास, पिशवी रेडिएशन करून लागेपर्यंत पहाट झाली, तोवर बाबांच्या नाकातून रक्त येत होतं आणि मी कापूस धरून बसले होते. प्लेटलेट लागणार हे सगळ्यांना माहीत असतं ना, मग ॲडमिशनच्याच दिवशी डोनरची यादी करून का घेत नाहीत? बिलाचं पण तेच, पॅकेजमध्ये काय नाही ते विचारल्यावरच कळलं. तुम्ही लेखी मागा, आणि चार-पाच डोनर आधीच तयार ठेवा.

बाराव्या दिवशी न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट सलग तिसऱ्यांदा ५०० च्या वर आला. केस त्याच आठवड्यात उशीवर पडायला लागले, बाबांनी न्हाव्याला वर बोलवा म्हणून हट्ट धरला, परवानगी नव्हती, मग वॉर्डातल्या मामांनीच ट्रिमर फिरवला. सतराव्या दिवशी घरी.

युनिट बघायला जाल तेव्हा रात्री किती पेशंटमागे एक सिस्टर आणि बर्फ कोण भरवतं, हे दोन प्रश्न नक्की विचारा. कापलेला एक स्टार डोनर आणि बिलाच्या घोळाचा आहे. सिस्टर लोकांचा नाही, हे त्यांच्यापर्यंत पोचलं तर बरं वाटेल.