हुरड्याला साडेचार तारे, इच्छुकांना दोन

आधीच सांगते, पैसे मी दिलेले नाहीत. ताटामागं चारशे रुपये दर आहे असं शेतमालक म्हणाले, ते विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघातून उभं राहायचं म्हणणाऱ्या एका इच्छुकांनी भरले. त्यामुळं हुरड्याबद्दल लिहिताना यजमानांबद्दलही लिहावंच लागेल. नावं दोघांचीही देत नाही. एकाला गिऱ्हाईक भरपूर आहे, दुसऱ्याला तिकीट अजून मिळायचंय.

जागा अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर, बर्दापूरच्या अलीकडं. फाट्यावर शेताची पाटी नाही. बाभळीला 'भावी आमदार' असा फ्लेक्स बांधला होता, त्यावरनं वळले. पुढं काळ्या रानातली गाडीवाट. स्कूटीवाल्यांनी चाकोरी सोडू नये, मी सोडली आणि दोनदा पाय टेकले.

राजकारणावर लिहिणारे-बोलणारे आम्ही चौदा जण होतो. लातूर, परळी, केज, उदगीर अशी सगळीकडची मंडळी, त्यात बायका दोनच. मी कॉलेजात ग्रंथपाल. विधान परिषदेवर लिहायला कुणाला गोडी नसते म्हणून मी ते धरलंय. खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या होत्या आणि ज्याला बघणारे जास्त तो पुढच्या रांगेत, असा हिशेब इच्छुक साहेबांच्या पोरांनी लावला होता. माझी चिठ्ठी शेवटच्या खुर्चीवर, आगटीच्या धुराला लागून. हुरडा त्यामुळं मला सगळ्यांच्या आधी मिळाला.

आणि काय हुरडा! खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर राख. आगटीवरचे मामा कणसं त्यात खुपसायचे, ओंब्या करपायच्या आत बाहेर काढायचे आणि चटका बसत असतानाच तळहातावर चोळायचे. एक फुंकर मारली की कोंडा उडून हिरवे दाणे तेवढे उरायचे. ज्वारी सुरती होती. गूळभेंडी परवाच संपली म्हणाले, त्याची चुटपुट लागली. सोबत उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी, तेल सुटलेली, लसूण दाताखाली येणारी. सायीचं दही, गूळ, बोरं. मी दोनदा 'बास' म्हटलं आणि दोन्ही वेळा हात पुढं केला. अर्धा तारा कापला तो येसर आमटीचा. दुपारच्या भाकरीबरोबर आली ती, पण येसर पाकिटातला होता. मराठवाड्यात बसून पाकिटातला येसर वाढायचा म्हणजे कमालच झाली.

इच्छुक अकराचे साडेबाराला आले. प्रत्येकाला हात जोडले. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "ताई, तुमचं सगळं वाचतो मी. सध्या काय लिहायलात?" सगळं वाचणाऱ्याला हा प्रश्न पडायला नको होता, पण तोंडात हुरडा होता.

न्यू जर्सीतला माझा भाचा सांगतो की तिकडं राज्यपालाला लोक मतं देऊन निवडतात, म्हणून त्या पदावर डोळा असलेली माणसं राजकारणावर लिहिणाऱ्यांना आधीपासूनच गाठायला लागतात. आपल्याकडं राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. आमच्या फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे 2024 मध्ये राजस्थानला गेले, त्यासाठी त्यांना कुणाला हुरडा खाऊ घालावा लागला नाही. पदवीधरच्या उमेदवाराची गोष्ट वेगळी. आठ जिल्हे पालथे घालायचे. मतदार यादी दर वेळी नव्यानं होते, पदवीधरानं नमुना 18 भरला तरच नाव येतं. मशीन नाही, कागदावर 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे घालायचे. मागचं मतदान 1 डिसेंबर 2020 चं, मुदत सहा वर्षांची. म्हणजे गुडघ्याला बाशिंग बांधायला हाच हंगाम, आणि आमच्यासारख्यांना विचारायलाही.

भाषण वीस मिनिटं चाललं. त्यात 'युवा' किती वेळा आलं ते शेजारच्या उदगीरच्या सरांनी बोटांवर मोजलं, मग बोटं संपली. प्रश्नांना वेळ कमी होता. मी विचारलं, "मराठवाडा वैधानिक विकास मंडळ 1994 ला झालं, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. परिषदेत गेलात तर त्यासाठी पहिलं पत्र कुणाला लिहाल?"

"जिव्हाळ्याचा विषय काढलात, ताई. पालकमंत्र्यांशी बोलू आपण."

पालकमंत्री जिल्ह्याचा असतो, मराठवाड्याचा नाही. या मंडळांची विशेष जबाबदारी घटनेच्या कलम 371(2) नुसार राज्यपालांकडं येते. मी तसं म्हणायला तोंड उघडलं तोवर त्यांच्या पोरानं हाळी दिली, "साहेब, पानं वाढलीत!" पुढच्या रांगेतल्यांनी सेल्फी काढले. एक तारा तिथंच पक्का झाला होता.

दुसरा मिळाला हात धुताना. हौदापाशी कुणी नव्हतं. साहेब हळूच म्हणाले, "ते 371 नेमकं काय आहे?" मी ओल्या हातानं सांगत राहिले: निधीचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाची सोय, नोकऱ्यांत संधी, आणि मंडळाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढं. त्यांनी ड्रायव्हरकडून पेन घेतला आणि खुर्चीवरची एक चिठ्ठी उलटी करून त्यावर लिहून घेतलं. चिठ्ठी माझ्याच नावाची होती. खिशात घातली की गाडीत पडली ते बघितलं नाही.

बाकी किरकोळ. संडास एकच, त्याला आतून कडी नाही, बायकांनी जोडीनं जावं. मोबाइलला रेंज विहिरीपाशीच येते. पोरांना झोका आहे, बैलगाडी आहे. जायचं तर जानेवारी संपायच्या आत जा, पुढं दाणा टणक होतो. सकाळी दहाला पोचा आणि आदल्या दिवशी फोन करून मामांना गूळभेंडी राखून ठेवायला सांगा. आमटी मात्र घरूनच न्या.