जुन्या डिझेल जीपचा सेल्फ: दुरुस्त करायचा, नवा घ्यायचा की गिअरवाला बसवायचा?

महिंद्राची एमएम ५४० किंवा तिच्या घरातली दुसरी कुठलीही जुनी डिझेल जीप बाळगणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज येतो, नाहीतर इंजिन कण्हत अर्धा-एक फेरा घेतं आणि थांबतं. सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) गेला, हे सांगायला मग मेकॅनिकही लागत नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो खोलून देतो, दुकानदार म्हणतो नवाच घाला, आणि जीपवाले दोस्त म्हणतात गिअर रिडक्शन (आत जोर वाढवणारे गिअर असलेला सेल्फ) टाक, एकदाच काय तो खर्च. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असू शकतं. माझा कौल आधीच सांगतो: निर्णय आर्मेचर, म्हणजे सेल्फमधला तारा गुंडाळलेला फिरता भाग, बघून घ्या. ते शाबूत असेल तर जुना सेल्फ नीट दुरुस्त करून घेण्यासारखा दुसरा उपाय नाही. ते गेलं असेल तर रिवाइंडिंगच्या, म्हणजे तारा नव्याने गुंडाळण्याच्या, नादी लागू नका, नवा किंवा गिअरवाला घ्या.

त्याआधी सेल्फ खरंच गेलाय का, हे बघायला दहा मिनिटं द्या. एमएम ५४० मधलं प्यूजोचं एक्सडीपी इंजिन २११२ सीसीचं, इनडायरेक्ट इंजेक्शनचं, आणि त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, विसाच्या वर. असं इंजिन गार असताना चालू व्हायचं तर सिलिंडर तापवणारे हीटर प्लग तापायला हवेत आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, जोमात फिरायला हवा. त्या क्षणी सेल्फ शेकड्यांत अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला केबलच्या टोकावरचा हिरवा गंजसुद्धा आडवा येतो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या जाड नटावर लावा, स्टॉपर (डिझेल बंद करायची दांडी) ओढून धरा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष केबलचा किंवा तिच्या टोकांचा. तसंच सेल्फची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यात बघा. तिथे पाव व्होल्टच्या आसपासच असायला हवं. सेल्फ मारताना बॅटरीच साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी तिला पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा.

अर्थच्या पट्टीकडे विशेष लक्ष द्या. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि चॅसी यांच्यातली पट्टी तुटली की करंट दुसरी वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली, तर सेल्फ खोलायची गरजच नाही. पट्टी बदला.

जुनाच दुरुस्त करणं

जुन्या जीपचा मूळ सेल्फ जड, ओबडधोबड आणि पुन्हा पुन्हा खोलता यावा असाच बनवलेला असतो. त्यात झिजणारे भाग मोजकेच: करंट आत पोचवणारे कार्बन, दोन्ही टोकांना शाफ्ट पेलणारे बुश, बेंडिक्स (सेल्फचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, इंजिनात गुंतवणारा भाग) आणि सोलेनॉइडचे (सेल्फच्या विजेच्या स्विचचे) तांब्याचे काँटॅक्ट. बहुतेक वेळा यातलंच काहीतरी गेलेलं असतं. सेल्फला पान्ह्याने दोन ठोके दिल्यावर तो फिरला, तर अडकलेला किंवा संपलेला कार्बन हा पहिला संशयित. सेल्फ नुसताच गरगरतो आणि इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स.

खोलल्यावर आर्मेचर हातात घ्या. त्याच्या लोखंडी अंगावर एका पट्ट्यात घासल्याची चकाकी असेल तर बुश इतके झिजलेत की आर्मेचर आतल्या पोलला (बॉडीला आतून लावलेल्या लोखंडी तुकड्यांना) घासतंय. हे वेळेत सापडलं तर अजून बचावतं. कम्युटेटरला (कार्बन जिथे घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाला) तारा जिथे जोडल्यात तिथलं सोल्डर उडालेलं असेल, किंवा तारा जागेवरून उचललेल्या दिसल्या, तर आशा सोडा. बेंडिक्स अडकून चालू इंजिनाने सेल्फला आपल्याबरोबर फिरवलं की असं होतं. आतल्या शॉर्टसाठी इलेक्ट्रिशियनकडे ग्राउलर नावाचं तपासणीचं यंत्र असतं. त्यावर आर्मेचर ठेवून वरून हॅकसॉचं पातं धरत हळूहळू फिरवायचं. एखाद्या खाचेवर पातं थरथरलं की तिथे शॉर्ट आहे. ही परीक्षा आपल्यासमोर करून घ्या. ग्राउलर नसलेल्या दुकानात सेल्फ खोलायला देऊच नये, असं माझं मत.

दुरुस्तीतल्या दोन गोष्टींवर पहारा ठेवा. एक म्हणजे बुश. हे सच्छिद्र ब्राँझचे असतात आणि बसवण्याआधी दिवसभर इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवावे लागतात. घाईत कोरडाच ठोकलेला बुश लवकर बोंबलतो. तो रीमर घालून मोठा केला तर छिद्रं बुजतात आणि तेल धरून ठेवायचा त्याचा गुणच जातो. दुसरी गोष्ट कम्युटेटरची. लेथवर हलकासा पुसून घेतला की बऱ्याच कारागिरांचा हात सवयीने करवतीच्या पात्याकडे जातो, पट्ट्यांमधला मायका (करंट अडवणारा थर) खाली घ्यायला. डायनॅमोला ते लागतं. पण लुकासच्या जुन्या सेल्फमध्ये हा मायका खोल करायचा नसतो. सेल्फ कुठल्या कंपनीचा आहे हे आधी बघा आणि मग हात लावू द्या.

आणि बेंडिक्सच्या आट्यांवर कुणी प्रेमाने ग्रीस फासत असेल तर त्याला थांबवा. घाटातली लाल धूळ त्यात अडकते आणि पिनियन निम्म्यावरच थांबतं. रॉकेलने धुऊन कोरडं ठेवलेलं बरं.

नवा घेणं

इथे फार बोलण्यासारखं नाही. नामांकित कंपनीचा, तुमच्याच इंजिनाच्या नंबरचा सेल्फ मिळत असेल तर तो निर्धास्तपणे बसवा. खर्च दुरुस्तीच्या कितीतरी पट, पण डोक्याला ताप नाही. अडचण अशी की जुन्या मॉडेलचा माल बाजारात कमी, आणि त्याच रंगाच्या खोक्यात नकली माल भरपूर. नकली सेल्फ नवा असताना झकास फिरतो. त्याचा कमीपणा कळतो तो पहिल्या पावसाळ्यानंतर. घेताना वजन करून बघा. मूळच्यापेक्षा तो बराच हलका भरला आणि तरी गिअरवाला नसेल, तर तांब्यात किंवा लोखंडात काटकसर झालेली आहे. जुना सेल्फ मोडीत देऊन टाकायची घाई करू नका, नव्याची परीक्षा होईपर्यंत तो घरात राहू द्या.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून काढलेला सेल्फ हा चौथा पर्याय. दुरुस्तीसाठी बॉडी किंवा आर्मेचर हवं असेल तरच त्याच्या वाटेला जा. तसाच उचलून जीपला लावायचा म्हणजे एका झिजलेल्या सेल्फच्या जागी दुसरा झिजलेला.

गिअर रिडक्शनवाला

मूळ सेल्फमध्ये पिनियन थेट आर्मेचरच्या शाफ्टवर असतं. गिअरवाल्यात मोटर छोटी, पण ती खूप वेगात फिरते आणि मधले गिअर तो वेग साधारण चौथ्या हिश्शावर आणून जोर वाढवतात. परिणामी सेल्फ जवळजवळ निम्म्या वजनाचा, करंट कमी ओढणारा आणि थंडीत जास्त जोमाने फिरवणारा. महाबळेश्वरला किंवा हिमालयात गाडी रात्रभर उघड्यावर उभी करायची असेल, बॅटरी मोठी बसवायला जागा नसेल, तर हा फरक सकाळी पहिल्याच किल्लीला कळतो.

तोटेही तितकेच खरे. यातले बरेच सेल्फ फील्ड कॉईलऐवजी (बॉडीतल्या तारांच्या वेटोळ्यांऐवजी) चुंबकावर चालतात. ते चुंबक ठिसूळ असतात, त्यामुळे पान्ह्याने ठोके देऊन गाडी चालू करायची आपली पिढीजात युक्ती इथे महागात पडते. चुंबकाचा तुकडा उडाला की सेल्फ संपला. आड बाजूला बिघडला तर गावातला इलेक्ट्रिशियन तो उघडेल, पण आतला गिअर कुठून आणणार? शिवाय ‘बसतो’ आणि ‘नीट बसतो’ यात अंतर आहे. बोल्टची भोकं जुळली म्हणजे काम झालं असं नाही. पिनियनचे दात, त्यांचा आकार, फिरण्याची दिशा आणि बंद असताना पिनियन व रिंग (इंजिनाच्या फ्लायव्हीलवरचं दातेरी कडं) यांमधली फट, हे सगळं जुळायला हवं. विकणाऱ्याने त्याच इंजिनावर बसवून दाखवलेला असेल तरच घ्या.

म्हणून रोज चालणारी, महाराष्ट्रातच फिरणारी जीप असेल आणि आर्मेचर चांगलं असेल तर मी दुसरा विचारही करणार नाही, मूळचाच दुरुस्त करेन. आर्मेचर गेलेलं आणि गाडी लांबच्या, थंड मुलखात जाणारी असेल तर गिअरवाला. विंटेज रॅलीत उभी करायची असेल तर अर्थात मूळचाच, कितीही खर्च आला तरी.

कुठलाही सेल्फ बसवण्याआधी त्याच्या भोकातून बॅटरी टाकून फ्लायव्हीलची रिंग बघा. इथे बॅटरी म्हणजे टॉर्च. दुसऱ्याला क्रँक हाताने फिरवायला सांगा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा समोरासमोरच्या दोनच जागांवर थांबतं, म्हणून दात तिथेच खाल्लेले असतात. अशा रिंगवर नवं पिनियन घातलं तर तेही थोड्याच दिवसांत तसंच होईल. गिअरबॉक्स कधी उतरवलाच तर रिंग तापवून काढून पाव फेरा फिरवून बसवता येते, चांगले दात झिजलेल्या जागी येतात.

पेट्रोलवाल्या सीजे ३ बी या जुन्या जीपला हा सगळा जाच कमी. त्या २१९९ सीसीच्या हरिकेन इंजिनाचं कॉम्प्रेशन सातच्या आसपास, ते साध्या दुरुस्त केलेल्या सेल्फवर आयुष्यभर चालतं. फक्त गाडी मूळची ६ व्होल्टची असून कुणी मध्येच १२ व्होल्टची बॅटरी बसवलीय का ते बघा. जुना सेल्फ त्यावरही फिरतो, पण पिनियन रिंगवर जाऊन इतक्या जोरात आदळतं की दात तुटायला वेळ लागत नाही. तिथे सेल्फ खोलून फील्ड कॉईल १२ व्होल्टच्या बसवून घ्या.