ब्लू नोट जमवायचंय? मूळ प्रेसिंग, जपानी, नवी की सीडी

जॅझचा नाद लागलेला माणूस आज ना उद्या ब्लू नोटच्या दारात येऊन उभा राहतो. बर्लिन सोडून न्यूयॉर्कला आलेल्या आल्फ्रेड लायनने १९३९ साली ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा बालमित्र, छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ येऊन मिळाला. पुढची पंचवीसेक वर्षं या दोघांनी जे मुद्रित केलं त्यातलं फार थोडं टाकाऊ निघालं. तेव्हा काय घ्यायचं हा प्रश्न अवघड नाही. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’ ही रेकॉर्ड घ्यायची, हे तुमचं ठरलेलंच असतं. अडतं ते पुढे: कुठली ‘ब्लू ट्रेन’?

एकाच रविवारी वाजवलेल्या त्या संगीताच्या बाजारात डझनावारी आवृत्त्या आहेत. जुनी सीडी काहीशे रुपयांत मिळते, तर पहिल्या छपाईची चांगली प्रत हजार डॉलरच्या पुढे सहज जाते. माझ्या कपाटात चारही प्रकार आहेत. सगळेच काही शहाणपणाने घेतलेले नाहीत. नव्याने सुरुवात करणारे विचारतात, ‘आवाज कशात चांगला?’ मी त्यांना उलट विचारतो, की चार जॅझवेडे बसले असताना तुम्हाला बोलायचं कशाबद्दल आहे? कारण जो प्रकार जमवाल, त्याच प्रकारची बडबड तुम्ही पुढे जन्मभर करणार आहात.

कान आणि पत्ता

मूळ प्रेसिंगवाल्यांची, म्हणजे पहिल्या छपाईच्या प्रती जमवणाऱ्यांची, एक गुप्त भाषा आहे. शेवटची खाच संपते आणि लेबल सुरू होतं, त्यामधली गुळगुळीत पट्टी ते भिंगाखाली धरतात. तिथे कानाच्या आकाराची एक बारीक खूण दिसली की चेहरा खुलतो. तो खरं तर वळणदार ‘पी’ आहे. ब्लू नोटच्या रेकॉर्ड छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याची ती निशाणी. पण जगभरचे संग्राहक तिला ‘कान’च म्हणतात. १९६६ च्या सुमारास लायनने कंपनी लिबर्टीला विकली, छपाई दुसरीकडे गेली आणि कान गायब झाला. त्याच पट्टीवर ‘आरव्हीजी’ ही अक्षरं हवीत, म्हणजे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरने टेपवरून छपाईची मूळ तबकडी स्वतः कापली. हा माणूस दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि हॅकेनसॅक गावात आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा. ‘ब्लू ट्रेन’ त्याच दिवाणखान्यात झाली, १५ सप्टेंबर १९५७ ला. १९५९ मध्ये त्याने एंगलवूड क्लिफ्सला उंच लाकडी छताचा स्वतःचा स्टुडिओ बांधला आणि चष्म्यांचं काम सोडलं.

मग लेबलवरचा पत्ता. आधी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू, मग ४७ वेस्ट ६३, मग नुसतंच न्यूयॉर्क, यूएसए. कंपनीने जागा बदलली तशी लेबलं बदलली, आणि जुनी लेबलं संपेपर्यंत वापरली गेली. त्यामुळे एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंवर दोन तऱ्हेचे पत्ते सापडतात. सॅक्सोफोनवाल्या हँक मोब्लीच्या १५६८ क्रमांकाच्या रेकॉर्डची गोष्ट तर दंतकथा होऊन बसली आहे. तिच्या एका बाजूच्या लेबलवर न्यूयॉर्कपुढे २३ हा आकडा आहे. पिनकोडच्या आधीच्या काळातला तो टपाल विभागाचा क्रमांक. त्या दोन अंकांच्या प्रतीला काही हजार डॉलर मोजणारे लोक आहेत. मोब्लीला उभ्या आयुष्यात सुख असं फारसं लाभलं नाही, ही आठवण अशा वेळी मला नेहमी होते. असो.

चेष्टा बाजूला ठेवतो. स्वच्छ मूळ प्रत वाजते तेव्हा खोलीत काहीतरी घडतं, हे खरं आहे. ड्रम अंगावर येतात, ट्रम्पेट धारदार होतो. पण ‘स्वच्छ’ या शब्दावर सगळी गाडी अडते. या रेकॉर्ड त्या काळच्या जड पिनांखाली, पार्ट्यांमध्ये, सिगारेटच्या राखेत वाजलेल्या आहेत. मी एकदा परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ड्रमर आर्ट ब्लेकीची एक मूळ प्रत मागवली. वर्णनात दर्जा ‘जवळजवळ नवी’ होता. आली तेव्हा प्रकाशात खरंच लखलखत होती. पिन ठेवली आणि सॅक्सोफोन जोरात गेला की करकर. खाचा झिजलेल्या होत्या. झीज डोळ्यांना दिसत नाही, फोटोत तर नाहीच नाही. परत पाठवायचा खर्च रेकॉर्डच्या अर्ध्या किमतीइतका झाला असता. ती अजून माझ्याकडेच आहे, भिंतीवर.

मोनो (एकच चॅनेल) की स्टिरिओ (दोन चॅनेल), हा याच गटाचा आणखी एक अखंड वाद. व्हॅन गेल्डरने १९५७ पासून दोन चॅनेलवर मुद्रण सुरू केलं तरी ऐकताना कान मोनोलाच लावलेला असे. पण १९५८ च्या अखेरीनंतर वेगळी मोनो टेप करणं थांबलं आणि दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो रेकॉर्ड निघू लागली. म्हणजे १९६० च्या मोनो प्रतीसाठी जास्त पैसे देताना आपण काय विकत घेतोय, हे एकदा स्वतःला विचारावं. ‘ब्लू ट्रेन’ची मोनो ही वेगळी गोष्ट. तिच्यासाठी भांडायला हरकत नाही.

जपानी

जपानी प्रेसिंगला मी फार वेळ देणार नाही, कारण सल्ला सोपा आहे: परवडणाऱ्या किमतीत जुनी एलपी हवी असेल तर आधी इथे पाहा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि ऐंशीच्या सुरुवातीला तिथल्या किंग कंपनीने काढलेल्या प्रती खरखरीविना वाजतात, कव्हरं जाड आणि नेटकी असतात, आणि कडेच्या कागदी पट्टीसकट पन्नास वर्षं जपलेल्या मिळतात. आवाजाबद्दल तक्रार एवढीच, की या रेकॉर्ड मूळ टेपवरून नव्हे तर तिकडे पाठवलेल्या टेपच्या नकलेवरून निघाल्या. मूळ प्रतीतली चमक किंचित मवाळ होते. माझ्या कानाला तो मवाळपणा पियानोसाठी चालतो, ड्रमसाठी नाही.

जपान्यांचं खरं ऋण वेगळंच आहे. टीना ब्रूक्स नावाच्या टेनर सॅक्सोफोनवाल्याच्या हयातीत त्याच्या स्वतःच्या नावावर एकच रेकॉर्ड बाजारात आली, १९६० ची ‘ट्रू ब्लू’. बाकीची मुद्रणं कंपनीच्या कपाटात पडून राहिली. एकीला तर ४०५२ हा क्रमांकही देऊन झाला होता. ब्रूक्स १९७४ मध्ये गेला. १९५८ साली मुद्रित झालेली त्याची ‘मायनर मूव्ह’ पहिल्यांदा निघाली ती १९८० साली, जपानात.

नवी छपाई

आज दुकानात जी ब्लू नोट एलपी दिसते ती बहुधा दोन मालिकांपैकी एकीतली असते. ‘टोन पोएट’ २०१९ मध्ये, कंपनीच्या ऐंशीव्या वर्षानिमित्त सुरू झाली. निर्माता जो हार्ली, मूळ टेपवरून तबकडी कापणारा केव्हिन ग्रे, छपाई कॅलिफोर्नियातल्या आरटीआय कारखान्यात. कव्हर जाड पुठ्ठ्याचं, उघडणारं, आत वुल्फचे मोठे फोटो. ‘क्लासिक’ मालिका थोडी स्वस्त. तिथेही कापणारा ग्रेच, पण छपाई जर्मनीतल्या ऑप्टिमलमध्ये आणि कव्हर साधं. अमेरिकेत दोघींच्या किमतीत साधारण दहा डॉलरचा फरक असतो. आपल्याकडे पोचेपर्यंत वाहतूक आणि आयात शुल्क मिळून दोन्ही फुगतात.

दोन्हींत आवाजाचा फरक किती? टेप तीच, कापणारा हात तोच. उरतो कारखाना. माझ्या हाताला दोन्हीकडच्या प्रती नीट लागल्या आहेत आणि एखाददुसरी वाकडीही. जादा पैसे द्यायचे ते कव्हरसाठी आणि निवडीसाठी. क्लासिकमध्ये सर्वांना ठाऊक असलेली नावं येतात: ‘मोनिन’, ‘समथिन’ एल्स’, ‘सोल स्टेशन’. टोन पोएट मात्र सॅक्सोफोनवाल्या वेन शॉर्टरच्या ‘एत्सेतेरा’सारखी, १९६५ साली मुद्रित होऊन १९८० पर्यंत डब्यात राहिलेली चीज बाहेर काढतं. थोडक्यात, ओळखीचं घ्यायचं असेल तर क्लासिक, अनोळखी असेल तर टोन पोएट. २०२२ मध्ये टोन पोएटने ‘ब्लू ट्रेन’ दोन तऱ्हांनी काढली: मोनो एका रेकॉर्डवर, आणि स्टिरिओत इतर टेक्ससह (त्याच रचना पुन्हा वाजवून केलेली मुद्रणं) दोन रेकॉर्डवर. एकच एलपी घ्यायची असेल तर मी पहिली सुचवेन.

या गटाची चर्चा मात्र मला कंटाळवाणी वाटते. भोक मध्यभागी आहे का, कडा वाकली आहे का, पुढच्या महिन्यात काय येतंय, काय संपलं. खरेदीच्या गप्पा. ‘ब्लू ट्रेन’वरच्या कर्टिस फुलरच्या ट्रॉम्बोनचं नाव निघेपर्यंत रात्रीचे अकरा वाजलेले असतात.

सीडी, जिला कोणी विचारत नाही

आता माझ्या आवडीची बाजू. गंमत बघा: ज्याच्या सहीसाठी संग्राहक भिंग घेऊन बसतात, त्या व्हॅन गेल्डरला स्वतःला एलपीचं काडीचं प्रेम नव्हतं. आवाज बिघडवण्यात सर्वांत मोठा वाटा तबकडीचाच, असं त्याचं स्पष्ट मत होतं, आणि डिजिटल आल्यावर त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून त्याने आपलीच जुनी मुद्रणं सीडीसाठी पुन्हा तयार केली. त्या ‘आरव्हीजी एडिशन’. काहींना त्या कर्कश वाटतात, आणि आवाजाची पातळी चढवलेली आहे हे मलाही मान्य आहे. पण चाळीस वर्षांनी तोच माणूस तीच टेप पुन्हा ऐकतोय, हे दुसऱ्या कुठल्या आवृत्तीत मिळणार?

शिवाय सीडीवर जागा असते. सॅक्सोफोनवाल्या सॉनी रॉलिन्सने ३ नोव्हेंबर १९५७ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये पियानोशिवाय, फक्त बास आणि ड्रमच्या साथीवर दुपारी आणि रात्री वाजवलं. (हाच रॉलिन्स साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत पवईच्या आश्रमात योग शिकायला येऊन राहिला होता. मुंबईकर रसिकाने त्याच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही.) मूळ एलपीवर त्या दिवसाचे सहाच तुकडे आहेत. दोन सीडींच्या संचात दुपार ते रात्र उलगडत जाते. ड्रमवर माणूस बदलतो तशी रॉलिन्सची चाल बदलते. अलीकडे हा ऐवज तीन एलपींवरही आला आहे, पण किमतीत सीडीच्या कितीतरी पट.

‘ब्लू ट्रेन’चीही अशीच एक गंमत. शीर्षक-गताच्या दुसऱ्या एका टेकमधला केनी ड्र्यूचा पियानो आवडला म्हणून टेप कापून तो मुख्य टेकमध्ये जोडला गेला. दोन्ही टेक एकापाठोपाठ लावले की तोच पियानो दोनदा ऐकू येतो. हे एकदा कळलं की रेकॉर्ड ऐकण्याची रीतच बदलते. कोल्ट्रेन काय बदलतो, ट्रम्पेटवरचा एकोणीस वर्षांचा ली मॉर्गन काय बदलतो, याकडे कान जातो. आपल्याकडे एकाच गवयाचा एकच राग दोन मैफलींतला लावून रात्र काढणारे लोक आहेत. त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

याचंच टोक म्हणजे मोझेइक कंपनीचे संच. मायकल कस्कुना १९७५ पासून ब्लू नोटच्या टेपांच्या कपाटात शिरला होता. पुढे त्याने चार्ली लूरीबरोबर मोझेइक काढली आणि १९८३ मध्ये पियानोवाल्या थेलोनियस मॉन्कच्या समग्र ब्लू नोट मुद्रणांपासून सुरुवात केली. १९८५ चा टीना ब्रूक्सचा संच त्यांचाच. ४०५२ क्रमांक घेऊन अडकलेली ती मुद्रणं त्यातूनच बाहेर आली. या संचांत रेकॉर्डची मांडणी मोडून सगळं तारखेच्या क्रमाने लावलेलं असतं. ब्लू नोटची कव्हरं रचणाऱ्या रीड माइल्सच्या कामावर जीव असणाऱ्याला हे पाप वाटेल. मला एखाद्या माणसाची दोन-तीन वर्षं सलग ऐकायला मिळणं जास्त मोलाचं वाटतं. प्रती मोजक्याच निघत, त्यामुळे जुने संच आता महाग आहेत. घेताना पुस्तिका आत आहे ना, हे आधी विचारा.

स्ट्रीमिंगवर हे सगळं जवळपास आहेच आणि चाचपणीसाठी तेच वापरा. तिथे अडचण एकच. बासवर कोण आहे हे बहुधा कळत नाही, आणि पॉल चेंबर्स आहे हे न कळता ‘ब्लू ट्रेन’ ऐकणं म्हणजे तबलजी कोण ते न विचारता मैफलीतून उठून येणं.

तेव्हा हातात दहा हजार रुपये असतील तर माझा हिशेब असा: टोन पोएटची मोनो ‘ब्लू ट्रेन’, एक किंगची जपानी, आणि उरलेल्यात जुन्या आरव्हीजी सीडी, रॉलिन्सपासून सुरुवात. मूळ प्रेसिंगच्या वाटेला पहिली दोन वर्षं जाऊ नका. गेलातच तर विक्रेत्याला रेकॉर्ड वाजवून, सर्वांत जोराच्या जागेचं मुद्रण पाठवायला सांगा. मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते. तेवढ्यासाठी तरी कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका. आणि भिंग एक घेऊन ठेवा. कान शोधायला नसलं तरी सीडीच्या पुस्तिकेतली साथीदारांची नावं वाचायला लागतंच.